ऐकत नाही

२ फेब्रुवारी

खोली अखेर ताब्यात आली. दवाखान्यातली ती बिनखिडकीची केबिन सुटली. भिंतीवर रक्तदाबाचा तक्ता, पलीकडे हाडांचे डॉक्टर, आणि मध्ये मी नवरा-बायकोंना सांगतेय, "मनातलं बोला." कोण बोलणार तिथं? पलीकडे कुणाचा तरी निखळलेला खांदा जागेवर बसायचा, किंकाळी यायची आणि घाबरून जोडपं एकमेकांचा हात धरायचं. त्या केबिनचा उपयोग झाला तो एवढाच.

आता चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला. पुढे ऐसपैस खोली, रस्त्याकडे रुंद खिडकी, मागे एक छोटी खोली, तिच्यात खाट आणि बेसिन. पाटीवर लिहिलंय: कौटुंबिक समुपदेशन. एकट्यानं या, जोडीनं या, मुलांना घेऊन या. फोरमननं पाटी ठोकली, मागे सरून वाचली आणि म्हणाला, "खाली अजून एक ओळ हवी होती. भांडत आलात तरी चालेल."

फोरमन म्हणजे माझा नवरा. जन्मभर छापखान्यात मशीन चालवून गेल्या वर्षी घरी बसला. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, इथं एकेरीवर येते. स्वतःच्या डायरीचा एवढा तरी फायदा असावा.

खुर्च्या मला हव्या तशाच मांडल्या. दोन शेजारी शेजारी, तोंडं खिडकीकडे. माझी बाजूला, थोडी मागे. समोरासमोर बसवलं की माणसं एकमेकांच्या कपाळावरच्या आठ्यांना उत्तरं देतात, बोलण्याला नाही. खांद्याला खांदा लावून, नजर रस्त्यावर ठेवून बसली की प्रवासात बोलतात तशी बोलतात. आणि माझा आवाज नेहमी खालच्या पट्टीत. आवाज जितका खाली, तितका ऐकणारा पुढे झुकतो. इतक्या वर्षांत मी कुणावर आवाज चढवलेला नाही, स्वतःच्या लेकीवरसुद्धा नाही, आणि याचा मला गर्व आहे.

फोरमन शिडीवर उभा राहून फळी बसवत होता. खालून दोनदा विचारलं, "थोडी वर घ्यायची का?" ढिम्म. स्क्रू पिळत राहिला. हल्ली हे फार वाढलंय.

५ फेब्रुवारी

नव्या खोलीतलं पहिलं कुटुंब. बाप रुग्णवाहिका चालवतो, आईचं फुलांचं दुकान. मुलगी तिसरीत, तिला घरात चिमणी म्हणतात. चिमणीनं आल्या आल्या खिडकी गाठली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"ऐकतच नाही हो," आई म्हणाली.

"हिचं ऐकत नाही," बाप म्हणाला.

"तुमचं फार ऐकते!"

आपल्या भाषेनं एक घोळ करून ठेवलाय. कानांनी ऐकणं आणि सांगितलेलं करणं, दोन्हीला शब्द एकच. त्यामुळे मूल 'ऐकत नाही' म्हणून कुणी आणलं की माझा पहिला नियम: आधी कान तपासून या, मग मन बघू. कानात मळ साठलाय आणि पोर बिचारं महिनोन्‌महिने बोलणी खातंय, असं मी कितीदा तरी पाहिलंय. आईबापांना तेच सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं. दोघंही वरमली. निघताना आई मुलीला म्हणाली, "बाबांना सांग, पुढच्या वेळी गाडी मागच्या गल्लीत लावा." बाप तिथंच उभा होता, हातभर अंतरावर.

९ फेब्रुवारी

फोरमनचं काहीतरी बिनसलंय. लिहून काढावं म्हणजे डोक्यातून जाईल.

पत्त्यांचा अड्डा सोडला. वर्षानुवर्षांचे मित्र, ते अजून बोलवायला येतात. विचारलं तर म्हणतो, "कलकलाट असतो नुसता." जो माणूस त्या कलकलाटाचा म्होरक्या होता, तो!

टीव्ही परवा इतका मोठ्यानं लावला होता की मी जिन्यातूनच बातम्या ऐकल्या. जरा कमी करा म्हटलं. त्यानं आवाज पार बंद केला. तेव्हापासून रोज आवाज बंद करूनच बघतो, खाली येणाऱ्या अक्षरांवरून. याला म्हणतात निमूटपणे राग काढणं. माझ्याकडे येणारे नवरे हेच करतात, फक्त त्यांना इतकं सुचत नाही.

जेवणाच्या टेबलावरचा दिवा बदलला. आता असा लख्ख उजेड पडतो की वाटावं शस्त्रक्रियेची तयारी चालली आहे. आणि त्या उजेडात मी बोलायला लागले की टक लावून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. आधी वाटलं दातात काही अडकलंय. नंतर वाटलं, हा मोजतोय. सुरकुत्या मोजतोय. वाईट वाटलं मला. साठीला टेकलेल्या बाईला एवढ्या उजेडात कुणी बघू नये.

लेकीचा फोन आला की मात्र खुलतो. तिला तो चेहरा दिसणारा फोनच करायला लावतो. फोन नाकासमोर धरून गप्पा, हसणं, कोट्या. फोन ठेवला की माझ्या वाट्याला 'हं'. अख्ख्या दिवसाला पुरतील इतके हं.

मला काय कळत नाही का? दुसऱ्यांच्या घरातलं कळतं, ते स्वतःच्या घरातलं कळणार नाही? त्याचं माझ्यावरचं मन उडालंय.

१३ फेब्रुवारी

चिमणीचे कान ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी लिहिलंय, या मुलीला शेजारच्या खोलीतली टाचणी पडलेली ऐकू येईल. माझा नियम तोंडावर आपटला. बापानं कागद माझ्यापुढे ठेवला आणि काही बोलला नाही, ही त्याची सभ्यता.

आज त्या दोघांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग खाली रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली आणि आई आपोआप म्हणाली, "तुमची नाही ना?" बाप म्हणाला, "नाही, जुन्या गाड्यांचा भोंगा वेगळा असतो." मग ती म्हणाली, दुकानात असताना भोंगा ऐकला की ती दरवेळी फुलं खाली ठेवते, तो जाईपर्यंत उचलत नाही. त्याला हे माहीतच नव्हतं. समोरासमोर बसवलं असतं तर बोलली असती का ती? नावच नको.

घरी येताना ठरवलं. जे चार लोकांना देते ते घरी का नाही? फोरमनला फिरायला न्यायचं, शेजारी बसवायचं आणि शांतपणे विचारायचं.

१७ फेब्रुवारी

विचारलं.

काल संध्याकाळी तळ्यावर गेलो. बाकावर बसलो, खांद्याला खांदा लावून, माझ्या पद्धतीप्रमाणे. दिवस मावळला होता. समोर पाणी, मागे रस्त्यावरची वाहतूक. मी पाण्याकडे बघत, माझ्या नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं. की मला हल्ली घरात भिंतीशी बोलतेय असं वाटतं. की मी दोष देत नाही. की माणसं बदलतात आणि त्यात पाप नाही. मध्ये मध्ये तो 'हं' म्हणत होता, अगदी मायेनं म्हणत होता, म्हणून मला धीर आला. मग ते विचारलं, जे मी दुसऱ्या जोडप्यांना अगदी शेवटचा उपाय म्हणून विचारते.

"थोडे दिवस वेगळं राहायचं का?"

तो वळला. "काय म्हणालीस?"

मी मान न वळवता तेच परत म्हटलं, "राहायचं का थोडे दिवस?" वेगळं हा शब्द दुसऱ्यांदा माझ्याच्यानं बोलवला नाही.

"हो, चालेल की," तो म्हणाला. "मला बरंच वाटेल."

आणि माझ्या हातावर हात ठेवला. दोनदा थोपटला. पुढे किती तरी वेळ तसाच बसून राहिला, पाय पसरून, तोंडानं शीळ घालत. अंधार पडला तरी उठायचं नाव घेईना. शेवटी मीच म्हटलं, थंडी वाजते, चला.

मी त्याच्यावर इतकं ओझं झाले होते का, की हो म्हणताना एक क्षणही थांबावंसं वाटू नये? एवढं विचारून ठेवते. उत्तर माझ्याकडे नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी त्यानं चहा करून आणला. माझ्या खोलीच्या दाराच्या बिजागरीला तेल घालतो म्हणाला, येणाऱ्याला करकर ऐकून दचकायला नको. निघताना विचारलं, "आज परत तळ्यावर जायचं? परवा मजा आली."

मजा!

मी चपला घालून बाहेर पडले. जिन्यात रडले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येताना दिसल्या तेव्हा किल्ली शोधत असल्यासारखं केलं.

दुपारी घरी आल्यावर लेकीला फोन केला. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "तुझ्या बाबांच्या मनात काय आहे ते तूच विचार त्यांना. आणि सांग, मी मागच्या खोलीत राहायला जायचं बघतेय."

"आई, शेजारच्या खोलीत बसलेत ते. मी इथून हजार मैलांवरून निरोप देऊ का?"

"माझं ते ऐकतच नाहीत गं."

 ती म्हणाली, "मला तर वाटलं तुम्ही मजेत आहात. परवा बाबा विचारत होते, आई नव्या खोलीत दमत नाही ना, घरी आल्यावर फारच हळू बोलते."

दमलेलीच होते मी. पण ते त्यानं लेकीला नाही, मला विचारायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

आज चिमणी एकटी आत आली. तिला शेजारी बसवलं, खिडकीकडे तोंड करून. आम्ही खाली जाणाऱ्यांच्या टोप्या मोजल्या. मग मी विचारलं, "तुला ऐकू येतं ना सगळं?"

"येतं."

"मग ऐकत का नाहीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मोठ्या माणसांना काही म्हणजे काही कळत नाही. "ऐकलं की सांगायला लागतं," ती म्हणाली. "आई म्हणते बाबांना सांग, बाबा म्हणतात आईला सांग. मग मी सांगते आणि ते मलाच ओरडतात. ऐकलंच नाही तर सांगायला नको."

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पाठ करून उभं राहायचं. मग त्यांना वाटतं खरंच ऐकू नाही आलं."

तिला मी कुशीत घेतलं, हे शास्त्रात बसत नाही, पण घेतलं. नंतर आईबापांना बसवून सांगितलं: घरात आजपासून निरोप बंद. ज्याला सांगायचं त्याला, त्याच्या तोंडावर. बाप कितीतरी वेळ हातातली किल्ली फिरवत राहिला. आईनं रुमाल काढला, पण तो तिनं त्याला दिला. मला तेव्हा कळलं की तो रडतोय. मी मागे बसल्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

समाधानानं घरी आले. घरी तो आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसलेला. "आले मी," म्हटलं. मान वळवली नाही. इतक्या लहान पोरीचं गणित मला सुटतं, आणि या माणसाची पाठ वाचता येत नाही.

२६ फेब्रुवारी

 जमेल तसं लिहिते.

आज जायचं ठरवलं होतं. मागच्या खोलीत खाट आहेच. सकाळी तो बाजारात गेला तेव्हा बॅग भरली. थोडे कपडे, चष्मा, गोळ्या. न सांगता जाणं मला पटत नाही, म्हणून तो यायची वाट बघितली. आला, सरळ स्वयंपाकघरात गेला, ओट्याशी उभा राहून बटाटे सोलायला लागला. पाठ माझ्याकडे. बाजूला कपड्यांचं मशीन धुणं संपवून पीं पीं करत होतं.

मी दारात बॅग घेऊन उभी राहिले. म्हटलं, "मी निघाले."

तो सोलत राहिला.

"तुम्हीच हो म्हणालात म्हणून जातेय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

काही नाही. साल लांबच लांब निघत होती, त्याला ती न तुटू देता काढायची हौस आहे. मशीन पीं पीं करत होतं.

मग मी ते बोलले, जे कुणाला कधी बोलले नाही. म्हटलं, "मला जायचं नाहीये. एकदा नका जाऊ म्हणा, बॅग खाली ठेवते."

एवढं बोलून मी थांबले. आयुष्यात इतकी मी कशासाठी थांबले नसेन. मशीन ओरडून ओरडून थकलं आणि बंद पडलं. त्यानं बटाटा पातेल्यात टाकला, हात पुसायला फडकं शोधत वळला, आणि मी दिसले. आणि त्याचा चेहरा उजळला. असा उजळला की त्यात खोटं असूच शकत नाही.

"अगं," तो म्हणाला. "तू कधी आलीस?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग तोंडावर हात धरला, खोकल्यासारखा, आणि हाताआडून अगदी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "किती बटाटे सोललेत?"

तो माझ्या हाताकडे बघत होता. डोळ्यांत तीच टक लावलेली नजर, टेबलावरच्या उजेडातली. "हं," तो मायेनं म्हणाला.

बॅग माझ्या हातातून सुटली. पडली ती त्याला ऐकू आली. दचकला आणि म्हणाला, "कुठं निघालीस?"

२६ फेब्रुवारी, दुपार

त्याला टेबलाशी बसवलं. दिवा लावला. समोरासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल असं, आणि तोंड नीट उघडून, जरा मोठ्यानं बोलले. माझा तो आवाज मलाच परका वाटला.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

तो पातेल्याचं झाकण फिरवत बसला. म्हणाला, "येतं की. ट्रक येतो. पत्त्यांतले सगळे एकदम बोलतात तेव्हा नुसता गोंगाट येतो. समोर बसून कुणी बोललं की ओठांवरून लागतं." आणि मग, "तुझं नाही येत. तू फार हळू बोलतेस."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू जगाचं ऐकणारी बाई. तुझ्या घरात बहिरा नवरा, पाटीखाली लिहायचं का ते?" हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "आणि तू कधी कुणाशी ओरडून बोलली नाहीस. माझ्यासाठी तुला रोज ओरडायला लागलं असतं. ते नको वाटलं मला."

मी मघापासून जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. "त्या दिवशी बाकावर मी काय विचारलं होतं?"

"राहायचं का थोडा वेळ," तो लगेच म्हणाला. "म्हणजे बसायचं का अजून. म्हटलं चालेल की. तुला किती दिवसांनी माझ्याबरोबर नुसतं बसावंसं वाटलं. मला फार बरं वाटलं गं."

सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण मग चिमणीच्या आईबापांना मी काय तोंड दाखवणार? तेव्हा सांगितलं, एकेक शब्द तोडून, त्याला ओठ दिसतील असा. थोडे दिवस. वेगळं. राहायचं का.

त्यानं झाकण टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "आणि मी हो म्हणालो?"

"मला बरंच वाटेल, म्हणालात."

"अरे देवा." त्यानं माझे दोन्ही हात धरले. "आणि तू दहा दिवस हे उरावर घेऊन फिरलीस?"

मला वाटलं होतं तो रागावेल, विचारेल तुझ्या मनात असलं आलंच कसं. हा माझ्याच दहा दिवसांचा विचार करत बसला. मी त्याच्या हातांवर डोकं टेकलं आणि पोटभर रडले. खांद्याला खांदा लावून बसायची माझी पद्धत, पाण्याकडे बघत बोलायची, अंधारात, खालच्या आवाजात. त्याला बहिरं करायला मी एवढी सगळी जय्यत तयारी केली होती.

बॅग त्यानंच रिकामी केली. गोळ्या जागच्या जागी ठेवल्या.

१ मार्च

घरात आता आम्ही बोलतो म्हणजे गावाला सांगतो. मी स्वयंपाकघरातून ओरडते, "मीठ कुठं ठेवलंत?" तो तिकडून ओरडतो, "काय पीठ?" लेक म्हणते, फोनशिवायही ऐकू येतं तिला.

खालच्या वहिनींनी जिन्यात गाठलं. डोळे चमकत होते. म्हणाल्या, "वाईट नका वाटून घेऊ, पण तुमच्याकडेही भांडणं होतात हे ऐकून आम्हाला फार धीर आला." खरं काय ते सांगणार होते, पण त्यांचा धीर कशाला घालवायचा?

चिमणीची आई फुलं घेऊन आली होती. निरोप बंद झालेत म्हणाली. नवऱ्याला आता त्याच्या तोंडावर बोलते, तोही तिला तोंडावर बोलतो, आणि भांडण निम्म्यातच संपतं, कारण मध्ये पोहोचवणारं कुणी नाही. "आणि चिमणी?" मी विचारलं.

"तिला आता सगळं ऐकू येतं हो," ती म्हणाली. "पण ऐकत नाही ती नाहीच."

खुर्च्या मी थोड्या फिरवल्या. अगदी समोरासमोर नाहीत, पण मान वळवली की चेहरा दिसेल इतक्या. माझी पुढे घेतली.

८ मार्च

कानांची तपासणी. तपासणारी मुलगी लेकीच्या वयाची. फोरमनला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते मोठं यंत्र, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. आधी भराभर दाबत होता, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखा. मग थांबला. मुलगी बाहेरून एकेक आवाज पाठवत होती, तिच्यासमोरच्या स्पीकरमधून त्यातले काही मलाही ऐकू येत होते, आणि तो आत बटणावर अंगठा ठेवून, मान तिरपी करून वाट बघत होता. मध्येच माझ्याकडे बघून हसला. मला ते बघवेना.

मुलीनं तक्ता दाखवला. रेघ सरळ जाते आणि मग उतारावरून खाली घसरते. "मशीनवर आयुष्य गेलं की असं होतं," ती म्हणाली. "जाड आवाज राहतात. बारीक आणि हळू बोलणारी माणसं आधी जातात. घरात कुणी फार हळू बोलतं का?"

"हो," मी म्हटलं. "मी."

१९ मार्च

यंत्रं आली. कानामागे बसणारी, राखाडी, बोराच्या बीएवढी. फोरमननं आधी ती हातात घेऊन उलटसुलट करून बघितली, सांधे कसे बसवलेत ते, मग कानाला लावू दिली. मुलीनं काहीतरी दाबलं. तो दचकला. खिडकीकडे बघितलं, मग छताकडे. "हे काय वाजतंय?"

"पंखा," मुलगी म्हणाली.

"हा एवढा बोलतो?"

मग ती मला म्हणाली, "मावशी, तुम्ही बोला काहीतरी. घरी बोलता तसं. मोठ्यानं नको."

 आयुष्यभर लोकांना बोलतं केलं आणि आता एक वाक्य सुचेना. शेवटी माझ्या जुन्या, खालच्या आवाजात म्हटलं, "अहो, येतंय का ऐकू? घरी जाताना दूध घ्यायचंय."

तो हललाच नाही. माझ्याकडे बघत राहिला. ओठांकडे नाही, डोळ्यांत. आणि त्याचे डोळे भरून आले.

मी घाबरले. "दुखतंय का? मोठा आवाज येतोय का?"

"तुझा आवाज," तो म्हणाला. "असा कधी झाला?"

"असा म्हणजे?"

"म्हातारा."

मुलगी घाईघाईनं म्हणाली, "सुरुवातीला सगळ्यांचेच आवाज जरा वेगळे वाटतात हो काका, सवय होईल." तो मान हलवत होता, नाही नाही. "यंत्राचं नाही हे," तो म्हणाला. "मला इतके दिवस तुझा आधीचाच ऐकू येत होता. तुझे ओठ हलायचे आणि माझ्या डोक्यात तो वाजायचा. लग्नाच्या वेळचा. तू कधी बदललीस ते मला कळलंच नाही गं. मी तिथं नव्हतोच."

मी विचारलं, "मग आता कुठला ठेवायचा?"

त्यानं हात कानाकडे नेला. मला वाटलं काढतोय. त्यानं ते यंत्र बोटानं आत घट्ट दाबलं.

"हाच," तो म्हणाला. "बोल. अजून बोल."